जाहिदाचा बटवा

गुडघे झिजल्यावर माझी जाहिदा दुखण्याच्या गोळ्या रोजच खात गेली. त्या गोळ्यांनीच पोटात रक्त वाहिलं आणि ती गेली, असं राजुऱ्याचे डॉक्टर म्हणाले. चाळिसाव्याला मी तिचा पानाचा बटवा शेजारच्या सोमारीबाईला आठवण म्हणून दिला. आज एकदम ध्यानात आलं, जाहिदा गोळ्या त्या बटव्यातच ठेवायची. धावत जाऊन मी कडी वाजवली आणि थांबलो. सोमारीबाईला भिंत धरून उठायलाच फार वेळ लागायचा.

दार लगेच उघडलं.

"पाहा ना लियाकतभाऊ," तिनं उंबऱ्यातच एक गिरकी घेतली, "जाहिदाबाईनं जाता जाता मले पाय देल्ले!"

"पोट कसं आहे?" मी विचारलं.

"थोडंसं जळते. काऊन?"