दहापैकी दहा

काखेत नॅपकिन दाबून टिपरे गच्चीवर उभे होते. चेंडू मारताना नॅपकिन पडला, तर कोपर अंगापासून सुटलं, असा गोल्फच्या कोचचा नियम. दहा पावलांवर बादली. त्यांनी मनगट न वाकवता हातातला क्लब हलवला आणि चेंडू अलगद उडून बादलीत पडला. सलग दहावा. नॅपकिन जागच्या जागी.

याला तीन महिने लागले होते. तेवढ्या काळात सोलरच्या दोन नळ्या फुटल्या, सोसायटीची नोटीस आली आणि तीन बादल्या फुटून बायकोला चौथी आणावी लागली. पण शनिवारी वाघचौरे साहेबांबरोबर खेळायचं होतं, आणि त्या खेळावर आपली बढती अवलंबून आहे, असं टिपऱ्यांचं पक्कं मत होतं.

इतक्यात ऑफिसातल्या देवस्थळींचा फोन आला. "एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी करंदीकरांनी साहेबांना हरवलं होतं. हल्ली करंदीकर तिकडे आसामात, सिलचर शाखेत असतात."

टिपऱ्यांनी फोन ठेवला. नॅपकिन काढून फेकला, कोपर मुद्दाम बाहेर काढलं, भलतीकडे पाहिलं आणि चेंडू मारला. तो बादलीत पडला. पुढचे सहाही तिथेच पडले.

"शनिवारपर्यंत मला चुकायला कसं जमणार?" ते कठड्याला टेकून म्हणाले.

वाळलेले कपडे न्यायला आलेल्या बायकोने बादलीतले चेंडू त्यांच्या पायाशी ओतले.

"जमेल हो," ती म्हणाली. "सुरुवातीला किती छान चुकत होतात."