टायटसचा अर्धा भाग

एनॉस पेटसने ते नाव घेतलं आणि कचेरीच्या ओसरीवरचा गलका एकदम थांबला.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात तेव्हा मत तोंडानेच द्यायचं, चारचौघांत आणि खणखणीत. कचेरीचा कारकून सायलस ट्रॅब्यू बावीस वर्षं ती मतं लिहून घेत होता. गुलामगिरीला लगाम घालू म्हणणाऱ्या उत्तरेच्या उमेदवाराचं नाव या गावात आजवर कोणी घेतलं नव्हतं. तो निवडून आला तर आम्ही वेगळे होऊ, असं दक्षिणेतली राज्यं उघड म्हणत होती. सायलसने स्वतः सकाळीच मधल्या उमेदवाराला मत देऊन टाकलं होतं. त्या उमेदवाराचं म्हणणं एकच, विषयच काढू नका. सायलसला ते पटायचं. भांडणांना तो विटला होता.

एनॉसच्या मागेच त्याचा धाकटा भाऊ ज्युबल उभा होता. त्याने दक्षिणेच्या उमेदवाराचं नाव घेतलं आणि तो भावाकडे वळला.

"मग दादा, टायटसचं काय? बाबा त्याला दोघांत ठेवून गेलेत. तुझा अर्धा आता काय, मत द्यायला येणार?"

लोक खो खो हसले. दोघांना वारशात मिळालेला गुलाम टायटस पायऱ्यांखाली त्यांचे घोडे धरून उभा होता. पन्नाशीचा माणूस. त्याने मान वर केली नाही.

एनॉस लालबुंद झाला. "माझा अर्धा आजपासून मोकळा. सायलस, लिही."

"कुठला रे, डावा की उजवा?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

ज्युबल आता हसत नव्हता. "लिहून तर बघ," तो सायलसला म्हणाला.

सायलसने डोळे चोळले. सकाळपासून लिहून लिहून बोटं आखडली होती, आणि अजून तीसेक माणसं रांगेत होती. हे लिहिलं तर ओसरीवरच डोकी फुटणार, हे त्याला दिसत होतं.

"आज मतांचा दिवस आहे. जरा शांत व्हा दोघंही. सोमवारी ये, एनॉस. कागद तयार ठेवतो."

सगळ्यांना हायसं वाटलं. खरं सांगायचं तर एनॉसलाही. तेवढ्यात खालून टायटस बोलला.

"आजच लिहा ना, साहेब. सोमवार लांब आहे."

"सहा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" सायलस म्हणाला आणि त्याने पुढच्याला हाक मारली.

उत्तरेचा उमेदवार निवडून आला. गावात माणसं एकमेकांना टाळायला लागली. सोमवारी एनॉस आला, पण एकटाच. सायलस शब्दाचा पक्का. तारखेची जागा तेवढी कोरी ठेवून त्याने कागद खरोखरच लिहून ठेवला होता.

"टायटस कुठाय?"

"ज्युबलनं शनिवारी आपला अर्धा विकला. नदीनं खाली, कापसाच्या मुलखात माणसं नेणाऱ्या व्यापाऱ्याला."

"पण तुझा अर्धा तर..."

"व्यापारी काय तो कापून ठेवून जाणार होता?"

सायलसने तो कागद पुढ्यात ओढला. त्याला लाज वाटली. मग त्याने टाक बुडवला आणि कोऱ्या जागी मंगळवारची, मतांच्या दिवसाची, म्हणजे विक्रीच्या आधीची तारीख घातली. बावीस वर्षांत त्याने एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. 'अर्धा' हा शब्दही त्याने खोडला. शाई फुंकून वाळवली आणि कागद एनॉसच्या हातात दिला.

"बोट दोन दिवस पुढे गेली असेल," तो म्हणाला. "या कागदानं ऐकेल तो व्यापारी?"

"कागदानं नाही," एनॉस म्हणाला आणि त्याने दाराशी टेकवलेली बंदूक उचलली.