खताच्या पिंपाचं विरजण

थोरल्या जावेच्या कुंडीत साधी मिरचीसुद्धा रुसून बसायची. धाकटीनं गच्चीवर लावलेला भोपळा मात्र, खोटं नाही सांगत, दोघांनी धरून जिन्यातून उतरवावा लागला. "सगळी त्या खताच्या पिंपाची करामत!" थोरलीचा नवरा कौतुकानं बोलून गेला आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. तेव्हापासून धाकटी कामावर गेली, की थोरली गच्ची गाठायची आणि त्या पिंपात आंबलेलं ताक, सडकी केळी, बुरशी आलेला गूळ ओतून यायची. पीप एकदाचं नासावं, एवढंच तिचं मागणं. पीप कसलं नासतंय! उलट त्यातून वाफा निघायला लागल्या, आणि वांगी अशी फुगली की झाडांना टेकू द्यावे लागले.

शेवटी थोरलीनं नाक मुठीत धरून विचारलं, "बाई गं, खताला विरजण कुठलं लावतेस? मलाही वाटीभर दे की."

"मी कुठलं लावतेय, जाऊबाई? ते तर तुम्हीच रोज दुपारी घालता," धाकटी म्हणाली. "फक्त आता माहेरी जाल, तेव्हा ताक माझ्याकडे ठेवून जा. मागच्या खेपेला तुम्ही गेलात आणि पीप पार थंड पडलं हो!"