प्रेस नापास

"आधी ही प्रेस बंद करा," नव्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

कारखान्याच्या त्या खात्यात खळबळ उडाली. कानांच्या तपासणीला प्रेस बंद? डब्यांची झाकणं कापणाऱ्या त्या धुडाशेजारीच तर जुने डॉक्टर उभे राहायचे आणि धडधडाटात विचारायचे, "ऐकू येतंय ना?" सगळे माना डोलवायचे. सगळे पास. असा निकाल कुठल्या शाळेचाही लागत नव्हता.

प्रेस थांबली. रांगेत पहिला भोंगा. आवाजावरून पडलेलं नाव. आज तो केस चापून विंचरून आला होता. "कान गेलेत तुमचे," म्हणून बायको रोज डोकं खायची. आज तिचं तोंड बंद होणार होतं. मागचे पंधराजण सामना बघायला आल्यासारखे टाचा उंचावून उभे.

डॉक्टरबाईंनी खोक्याचा एक पुठ्ठा उचलला आणि तोंडासमोर धरला.

भोंगा वाट बघत राहिला.

"बाई," शेवटी तो सगळं खातं दणाणेल अशा आवाजात म्हणाला, "तो पुठ्ठा जरा खाली घ्या. त्याच्यामुळे ऐकू येत नाहीये."

"आम्हालाही नाही येत," मागून वेल्डर म्हणाला. "पुठ्ठा जाड आहे."

बाईंनी पुठ्ठा खाली केला. त्यांचे डोळे चमकत होते. "तुम्ही ओठ वाचता? सगळेच?"

"त्यात वाचायचं काय? समोर दिसतंच की."

एवढं बोलल्यावर भोंग्याच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे मी नापास? बाई, नापास म्हणजे गेटबाहेर हो."

"तुम्ही नाही." बाईंनी खडू घेऊन प्रेसवर भली मोठी फुली मारली. मग सगळ्यांकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "ही नापास. आवाज अडवणारी पेटी बसेपर्यंत सुरू होणार नाही. पगार चालू. ही अट घालूनच मी आलेय. गेलेलं परत यायचं नाही, दादा. उरलेलं मात्र जाऊ द्यायचं नाही."

रांग मोडली. कुणी शिट्टी मारली, कुणी प्रेसलाच टपली मारली. भोंगा प्रेसला पाठ टेकून उभा राहिला, अंगठ्यानं मागे तिच्याकडे खूण केली आणि नुसते ओठ हलवले.

अख्खं खातं पोट धरून हसलं.

"काय म्हणाले ते? अहो, काय म्हणाले?"

एवढ्या शांततेत एकट्या डॉक्टरबाईंनाच काही ऐकू आलं नव्हतं.