गुडघ्याची पावडर

दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या गुडघेदुखीची पावडर बाजारात मिळेनाशी झाली. तेव्हापासून आजी त्यांच्या औषधाच्या बरणीत गुपचूप कॉर्नफ्लॉवर भरत होती आणि आजोबा टुणटुणीत होते. आज नात शाळेतून आयोडीनची बाटली घेऊन आली आणि घरातल्या प्रत्येक पांढऱ्या पावडरीची झाडाझडती घेत सुटली.

"आजोबा, निळं झालं! डिट्टो आपल्या सूपमधल्या कॉर्नफ्लॉवरसारखं! हे औषध नाहीच!"

आजीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आजोबा ताडकन उठले, काठी न घेता स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी कॉर्नफ्लॉवरचा अख्खा डबा आणून औषधांच्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

 

"दोन वर्षं सूप दाट करण्यात औषध वाया घालवलंस, कळतंय का तुला?"