काठीवरचा कुडता

भार्गवीचा कालचा कुडता विमलाबाईंनी न्हाणीघरातून काठीने उचलला, नाकाजवळ नेला आणि काठीसकट आत गेल्या.

भार्गवीने दारातून पाहिलं. सासूबाई सोवळ्याच्या, ओवळ्या कपड्याला हात लावायच्या नाहीत, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. पण वास कशाला घ्यायचा? गेल्या शुक्रवारचा पिवळा कुडता तर वाळतानाही दिसला नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, भिजवलाय.

बाळंतपणाची रजा संपवून ती नुकती ऑफिसला जाऊ लागली होती. घरात ठरलं होतं, सात महिन्यांचा विराज आजीजवळ राहिला तर नोकरी, नाहीतर राजीनामा. आणि पठ्ठ्या राहिला होता. दूध पितो, दुपारभर झोपतो, सगळं सरी आहे, असं विमलाबाई आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत सांगत.

मला वास येतो का, असं तिने नवऱ्याला विचारलं. बंगळुरात घाम येतो कुणाला, म्हणून अपूर्व हसला. विमलाबाईंचंही तेच मत. आंघोळ करावी, स्वल्प हरभऱ्याचं पीठ लावावं, बाकी सगळी दुकानदारांची सोय.

"मग काठी कशाला, अत्ते?" हे सासूबाईंना विचारणं भार्गवीच्या ओठांपर्यंत येऊन राहिलं.

ती कुढणाऱ्यातली नव्हती. गांधीबाजारातून सरळ डिओची बाटली घेऊन आली. सोमवारपासून रोज सकाळी दोन्हीकडे फवारा. मेट्रोत ती बिनधास्त वरची कडी धरू लागली, मीटिंगमध्ये हात उंचावून बोलू लागली. कुडतेही न्हाणीघरात पडल्या जागी राहू लागले. विमलाबाई वाकायच्या, हुंगायच्या आणि रिकामी काठी घेऊन परतायच्या. जिंकले बाई, असं तिला वाटलं.

विराज मात्र बिघडला. दूध नको, झोप नको. संध्याकाळी आई दिसेपर्यंत रडून घसा बसलेला. गुरुवारी अपूर्वने राजीनाम्याचा विषय काढला.

विमलाबाई पोळी लाटता लाटता त्याला म्हणाल्या, "उद्याचा एक दिवस दे मला."

शुक्रवारी तिचं कामात लक्ष लागेना. राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवत ती दुपारीच घरी आली. घर चिडीचूप. काठी दाराआड टेकवलेली, पाळणा रिकामा.

देवघरापुढे विमलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नऊवारीवर त्यांनी भार्गवीचा तो पिवळा, न धुतलेला कुडता चढवला होता, आणि त्याच्या काखेत नाक खुपसून विराज गाढ झोपला होता.