वस्तीतला दिवा

१९५८ साली, ग्रामपंचायतीशी दोन वर्षं भांडल्यावर, केळझरजवळच्या बौद्ध वस्तीत खांबावर रॉकेलचा दिवा लागला. महिन्याभरात नागपूरचे खगोलशास्त्रज्ञ मुंडले वस्तीलगतच्या टेकडीवर दुर्बीण घेऊन आले. “आकाशगंगांचे फोटो काढायचेत. तीन रात्री दिवा विझवाल?” रोज तो लावणाऱ्या तानाबाईने त्यांना न्याहाळलं. “कोनं धाडलं तुमाले? पाटलानं?” “कुणीच नाही.” “गावातले दिवे दिसत नाई? आमचाच काऊन डोळ्यात खुपते?” मुंडले ओशाळले. गावात जाऊन त्यांनी घरोघरी विनवलं. अंधार पडताच तिकडचे दिवे विझले, तरी तानाबाईचा संशय फिटेना. “त्या नळीत काय पाह्यता, मले दाखवा आधी.” टेकडीवर तिने दुर्बिणीला डोळा लावला. धुरकट ठिपका दिसला. “हा उजेड तिथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता,” मुंडले म्हणाले. “म्हंजे गावकूसबी नोतं?” “नव्हतं.” तिने खाली हाक दिली, “इझवा रे आपला दिवा!”